मरणानंतर उरतो तो ‘मी’ का? इब्न सीना, इब्न रुश्द आणि थॉमस अक्वायनस

आपला प्रश्न तीन पदरी आहे. ॲरिस्टॉटलने आत्म्याला देहाचा आकार, म्हणजे देहाला जिवंत देह बनवणारे घडणीचे तत्त्व, म्हटले असेल, तर त्याला गुरू मानणाऱ्या मध्ययुगीन मुस्लिम आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी आत्मा देहावाचून उरतो हे कोणत्या आधारावर सांगितले, हा पहिला पदर. मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्दने व्यक्तीचे अमरत्व नाकारले आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने ते वाचवले, असे सर्रास वाचायला मिळते, ते कितपत खरे, हा दुसरा. आणि इब्न रुश्दची ‘सर्व माणसांची मिळून एकच बुद्धी’ म्हणजे आपले अद्वैतच नव्हे का, हा तिसरा. हा विषय मी पदव्युत्तर वर्गांना बरीच वर्षे शिकवला. तिसरा प्रश्न दर वर्षी, बहुधा मागच्या बाकावरून, हमखास येत असे. त्याचे उत्तर मी मुद्दाम शेवटी देतो, कारण आधीचे दोन पदर सुटल्याशिवाय ते नीट देताच येत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना आपल्याला ते तपासता येईल. या साऱ्या वादात एक विचित्र देवघेव पुन्हा पुन्हा दिसते. आत्मा मरत नाही याची सिद्धता जितकी भक्कम करावी, तितका त्या आत्म्यातला ‘मी’ पातळ होत जातो. आणि ‘मी’ होता तसा राखू पाहावा, तर सिद्धता ढिली पडून शब्दप्रमाणाचा, म्हणजे धर्मग्रंथाच्या शब्दाचा, आधार घ्यावा लागतो. या व्यवहारातून एकही मोठा तत्त्वज्ञ फुकटात सुटलेला नाही.

मराठीत ‘आत्मा’ म्हटले की उपनिषदे आणि गीता आपोआप मागे येऊन उभी राहतात, आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. ग्रीक ‘प्सुखे’, अरबी ‘नफ्स’ आणि लॅटिन ‘आनिमा’ या शब्दांचा या परंपरेतला अर्थ आपल्या ‘जीव’ या शब्दाच्या अधिक जवळचा आहे: ज्याच्यामुळे जिवंत वस्तू जिवंत असते, ते. पोसले जाणे आणि वाढणे एवढेच ज्या तुळशीला जमते तिलाही या अर्थाने आत्मा आहे; इंद्रियांनी जाणणाऱ्या मांजराला त्याहून वरचा, आणि विचार करणाऱ्या माणसाला सर्वांत वरचा. ॲरिस्टॉटलची उदाहरणे साधी आहेत. कुऱ्हाड जिवंत असती तर तोडण्याची क्षमता हा तिचा आत्मा ठरला असता, आणि डोळा हा स्वतंत्र प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा. लोखंड वितळवून टाकल्यावर तोडण्याची क्षमता कुठे गेली, असे कोणी विचारत नाही. या व्याख्येने मरणोत्तर जीवनाचा प्रश्न सुटण्याऐवजी निकालातच निघतो.

पण ॲरिस्टॉटलने स्वतःच एक फट ठेवली. आत्म्यावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागातल्या पाचव्या प्रकरणात, जेमतेम अर्ध्या पानात, तो म्हणतो की बुद्धीचा एक प्रकार सर्व काही ‘होतो’ आणि दुसरा सर्व काही ‘करतो’. हा दुसरा प्रकार देहापासून वेगळा, अमिश्र असून तेवढाच अमर व शाश्वत आहे. ही कर्ती बुद्धी कोणाची? माझी, सर्वांची की ईश्वराची? त्या अर्ध्या पानात याचे उत्तर नाही. इसवी सन 200 च्या सुमारास ॲफ्रोडिसियसच्या अलेक्झांडरने ती ईश्वरच ठरवली, आणि तेव्हापासून भाष्यकारांचा जो रांजण भरू लागला तो दीड हजार वर्षे भरतच राहिला. त्यात भर म्हणून नवव्या शतकात बगदादमध्ये तत्त्वज्ञ अल-किंदीच्या वर्तुळात, प्लेटोच्या परंपरेतल्या प्लोटायनसच्या ग्रंथाच्या उत्तरार्धाचे एक मुक्त अरबी रूपांतर तयार झाले आणि ते ‘ॲरिस्टॉटलचे ईश्वरशास्त्र’ या नावाने फिरू लागले. ज्या आत्म्याला ॲरिस्टॉटलने देहाचा आकार म्हटले, तोच आत्मा वरच्या लोकातून देहात उतरलेला पाहुणा असल्याचे त्याच ॲरिस्टॉटलच्या नावावर वाचायला मिळू लागले. पुढची ओढाताण समजून घ्यायची तर हा चुकीचा शिक्का विसरून चालत नाही.

अल-फाराबीवरून मी पुढे सरकतो. 950 साली वारलेल्या या तत्त्वज्ञाने उत्तम नगरीविषयी लिहिताना एक कठोर विभागणी केली: ज्यांची बुद्धी ज्ञानाने सिद्ध झाली ते आत्मे टिकतात, जाणूनबुजून वाईट वागणाऱ्यांचे आत्मे टिकून यातना भोगतात, आणि ज्यांना काहीच उमगले नाही ते जनावरांसारखे देहाबरोबर विरून जातात. थोडक्यात, अमरत्व जन्मतः हाती पडत नाही, ते कमवावे लागते.

इब्न सीनाला (980–1037) हे मान्य नव्हते. बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी जन्मलेल्या आणि हमदानला वारलेल्या या वैद्याने प्रत्येक मानवी आत्मा स्वभावतःच अविनाशी आहे हे सिद्ध करण्याचा जो प्रयत्न केला, तो या साऱ्या परंपरेतला मला सर्वांत धीट वाटतो. त्याचा ‘अधांतरी माणूस’ आपण ऐकला असेल. कल्पना करा, सांगतो तो, की तुम्ही एका क्षणात, पूर्ण वाढलेले असे निर्माण झालात; डोळ्यांवर पडदा आहे, पोकळीत तरंगत आहात, हवेचा स्पर्शही जाणवत नाही, हातपाय एकमेकांपासून इतके लांब आहेत की बोटाला बोट लागत नाही. अशा स्थितीत आपल्याला हात आहे, हृदय आहे, मेंदू आहे, हे तुम्ही म्हणू शकणार नाही. पण ‘मी आहे’ हे मात्र म्हणालच. ज्याचे असणे मान्य केले ते, आणि ज्याचे असणे मान्य करता आले नाही ते, ही दोन एक असू शकत नाहीत.

ही अमरत्वाची सिद्धता आहे असे पुष्कळ जण समजतात, पण तसे नाही. इब्न सीना स्वतः तिला अंगुलिनिर्देश म्हणतो. ज्याची पाहण्याची तयारी आहे त्याला जागे करण्यासाठी. खरी सिद्धता त्याच्या आत्म्यावरील ग्रंथाच्या पाचव्या भागात, चौथ्या प्रकरणात आहे. देह हा आत्म्याचे कोणत्याही अर्थाने खरे कारण नाही, तो फक्त निमित्त आहे. म्हणून देह गेला की आत्मा गेलाच पाहिजे असे होत नाही. शिवाय जी वस्तू आज आहे आणि उद्या नष्ट होऊ शकते, तिच्यात ‘असणे’ आणि ‘नसण्याची शक्यता’ अशी दोन अंगे असावी लागतात. मडक्यात ती असतात, आकार आणि माती. निरवयव आत्म्यात दोन अंगे मुळी नाहीतच, म्हणून त्याच्यात नाशाची शक्यता राहायला जागा नाही.

याच प्रकरणाच्या अखेरीस तो पुनर्जन्म नाकारतो, आणि मराठी वाचकाने इथे जरा थांबावे. त्याच्या मते देहाची घडण पुरेशी संतुलित झाली की वरच्या बुद्धितत्त्वाकडून त्या देहासाठी आत्मा प्रकटतोच. त्यात विलंब नाही, अपवाद नाही. आता एखादा जुना आत्मा त्या देहात शिरला, तर एका देहात दोन आत्मे होतील, आणि आपल्यापैकी प्रत्येकाला तर स्वतःत एकाचीच जाणीव आहे. घर बांधून झाले की घराचा मालक त्याच क्षणी घरासोबत जन्माला येतो; मग भाडेकरूने यायचे कुठे? अन्यत्र तो अवयवांना कपड्यांची उपमा देतो: ते इतकी वर्षे अंगावर आहेत की आपण त्यांनाच ‘मी’ समजू लागलो. ‘वासांसि जीर्णानि’ पाठ असलेल्याला हे ओळखीचे वाटेल, पण इथे जुने वस्त्र टाकल्यावर नवे चढवले जात नाही. योगायोग असा की इब्न सीनाशी ॲरिस्टॉटलच्या भौतिकीवरून कडक पत्रव्यवहार केलेल्या अल-बिरूनीने गीतेतली हीच वस्त्राची उपमा 1030 च्या सुमारास भारताविषयीच्या आपल्या ग्रंथात अरबीत उतरवली, आणि इस्लामची ओळख जशी एकेश्वराच्या ग्वाहीने तशी हिंदूंची ओळख पुनर्जन्मावरील श्रद्धेने होते, असे नमूद केले.

इब्न सीनाची किंमत कुठे चुकते होते? एका अडचणीच्या जागी. आत्मा निरवयव, देहाशिवायचा. मग मरणानंतर माझा आत्मा आणि आपला आत्मा वेगळे कशाने? तो म्हणतो, प्रत्येक आत्मा एका विशिष्ट देहाबरोबर, विशिष्ट वेळी उत्पन्न झाला, त्या देहातून त्याने काही वळणे, सवयी, ज्ञान मिळवले, आणि देह गेल्यावरही हा फरक टिकतो. आणि मग प्रामाणिकपणे जोडतो की याखेरीजही काही वैशिष्ट्ये असतील, जी आपल्यापासून लपलेली आहेत. मला हे वाक्य फार आवडते, पण सिद्धतेच्या ऐन मोक्याच्या जागी ते आले आहे, हे झाकता येत नाही. शिवाय जे टिकले त्याच्यात प्रतिमा धरून ठेवणारी स्मृती नाही. ती इब्न सीना वैद्याच्या नजरेने मेंदूच्या पोकळीत ठेवतो, आणि मेंदू तर कुजतो. देहाच्या पुनरुत्थानाबद्दल, म्हणजे मृतांना परलोकात देह परत मिळण्याबद्दल, मुख्य ग्रंथात तो इतकेच म्हणतो की ते पैगंबराच्या शब्दावरून मानावे, बुद्धीने सिद्ध होते ते आत्म्याचे सुखदुःख. आणि परलोकावरच्या एका स्वतंत्र लघुप्रबंधात तर ती वर्णने सामान्य माणसाला समजावीत म्हणून योजलेली दृष्टांताची भाषा आहे, असे सुचवतो.

धर्मपंडित अल-गझालीचा (1058–1111) राग यावरच होता. 1095 साली पूर्ण केलेल्या आपल्या खंडनग्रंथात त्याने तत्त्वज्ञांची वीस मते तपासली आणि त्यांपैकी तीन मतांवर थेट धर्मबाह्यतेचा ठपका ठेवला. देहाचे पुनरुत्थान नाकारणे हे त्या तिनांतले एक. आत्मा अमर आहे याबद्दल त्याची तक्रार नव्हती. ते निव्वळ तर्काने सिद्ध झाले, हा दावा त्याला खपत नव्हता. आत्म्याच्या उत्पत्तीला देह लागतो असे तुम्हीच म्हणता, मग देह गेल्यावर आत्मा जाणार नाही याची हमी कसली? विसाव्या चर्चेत त्याने जे केले त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. माणूस आत्म्यामुळे ‘तोच’ राहतो, तेव्हा ईश्वराने त्या आत्म्याला जुन्याच मातीचा देह दिला काय किंवा नव्या मातीचा दिला काय, पुनरुत्थान झालेच, असे तो एक शक्यता म्हणून मांडतो. हा तर पुनर्जन्मच झाला, असा आक्षेप तो स्वतःच घेतो आणि उत्तर देतो की नावावरून भांडण नको. या जगातला पुनर्जन्म आम्ही नाकारतो, परलोकात देह परत मिळण्याला काय म्हणायचे ते म्हणा. धर्माचा कडवा रक्षक म्हणून ज्याची ओळख, त्याच्या लेखणीतून हे यावे याचे मला पहिल्या वाचनात नवल वाटले होते.

आता इब्न रुश्द (1126–1198). स्पेनमधल्या कोर्दोबाचा काझी, वैद्य, आणि ॲरिस्टॉटलचा असा भाष्यकार की लॅटिन जगात नुसते ‘भाष्यकार’ म्हटले तरी तोच समजला जाई. आत्म्यावरील ग्रंथाला त्याने आयुष्यात तीनदा हात घातला, लघु, मध्यम आणि बृहत् अशी भाष्ये लिहिली, आणि तिन्ही वेळा ग्रहणशील बुद्धीविषयीचे, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या शब्दांत सर्व काही ‘होणाऱ्या’ बुद्धीविषयीचे, त्याचे मत बदललेले आहे. लोक ज्याला ‘इब्न रुश्दचे मत’ म्हणतात ते शेवटच्या, बृहत् भाष्यातले; आणि हे भाष्य आज पूर्ण स्वरूपात मूळ अरबीत उरलेले नाही, मायकेल स्कॉटने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेल्या लॅटिन भाषांतरातच ते वाचावे लागते. तो मराकेशमध्ये वारला. पुढे त्याचे अवशेष कोर्दोबाला नेताना जनावराच्या पाठीवर एका बाजूला शवपेटी आणि तोल राखायला दुसऱ्या बाजूला त्याचे ग्रंथ लादले होते, हे सूफी इब्न अरबीने स्वतः पाहून लिहून ठेवले आहे.

त्याचा युक्तिवाद वर्गातल्या एका प्रसंगावर उभा करता येतो, आणि तो स्वतःही गुरू-शिष्याचेच उदाहरण घेतो. मी फळ्यावर त्रिकोण काढून सांगतो की त्याच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते. समोरच्या मुलीला ते कळते. मला जे कळले आहे आणि तिला जे कळले ते एकच आहे की दोन? दोन म्हणावे, तर त्या दोघांत समान असलेले तिसरे काही मानावे लागेल, मग त्याच्यासाठी चौथे, आणि ही साखळी कुठेच थांबणार नाही. एकच म्हणावे, तर मला कळताक्षणी तिला का कळले नाही? इब्न रुश्दचे उत्तर असे की कळलेल्या गोष्टीला दोन आधार असतात. एक आधार म्हणजे माझ्या किंवा तिच्या कल्पनाशक्तीतली प्रतिमा: माझा त्रिकोण फळ्यावरचा, तिचा वहीतला. हा आधार व्यक्तीगणिक वेगळा असतो, उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. दुसरा आधार म्हणजे ती समज ग्रहण करणारी बुद्धी. सर्व आकार ग्रहण करायचे तर तिला स्वतःला कोणताही आकार, कोणताही देह असून चालत नाही, जशी रंग पाहणारी डोळ्यातली बाहुली स्वतः बेरंग असावी लागते. आणि देह नाही तर एकाच जातीच्या अनेक वस्तू होण्याचे कारणच उरत नाही. म्हणून ती बुद्धी सर्व मानवजातीसाठी एकच, अनादि आणि अनंत.

मरणानंतरचा हिशेब यातून सरळ निघतो. प्रतिमा, स्मृती, विचारांची जुळवाजुळव करणारी शक्ती, या सगळ्या मेंदूच्या, त्या मेंदूबरोबर जातात. बुद्धी उरते, पण ती माझी कधीच नव्हती. बृहत् भाष्यात व्यक्तीच्या मरणोत्तर अस्तित्वाला मला तरी जागा सापडत नाही. मात्र यावरून तो एक सत्य धर्मासाठी आणि दुसरे तत्त्वज्ञानासाठी ठेवत होता असा जो आरोप केला जातो, तो त्याच्यावर अन्याय आहे. सत्य सत्याला विरोध करीत नाही, हे त्याचेच शब्द आहेत. धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्या संबंधावरील निवाड्यात तो स्पष्ट म्हणतो की परलोक आहे हे नाकारणारा धर्माबाहेर जातो, पण तो कसा आहे याचा अर्थ लावण्यास विद्वानाला मोकळीक आहे. गझालीला दिलेल्या उत्तरात तो हेही म्हणतो की जे नष्ट झाले ते संख्येने तेच असे परत येत नाही, तेव्हा परत येणारे देह पहिल्यांसारखे असतात, तेच नसतात, असे मानावे. हे सगळे बृहत् भाष्याशी पूर्ण जुळते का? माझ्या मते जुळत नाही. पण न जुळणे आणि ढोंग करणे यांत फरक आहे.

इब्न रुश्दचे ग्रंथ पॅरिसला पोहोचले त्याआधी स्पेनमधल्या तोलेदोत एक वाट तयार झाली होती. 1152 ते 1166 या काळात इब्न सीनाचा आत्म्यावरील ग्रंथ तिथे लॅटिनमध्ये आला, आणि त्याच्या अर्पणपत्रिकेत कामाची रीतही सांगितली आहे: अवेन्दौथ नावाचा ज्यू विद्वान अरबीतला एकेक शब्द तिथल्या बोलीभाषेत उच्चारायचा आणि आर्चडीकन, म्हणजे चर्चचा अधिकारी, असलेला डोमिनिकस गुंडिसालिनुस तो लॅटिनमध्ये उतरवायचा. देहाहून वेगळा, अविनाशी आत्मा सांगणारा हा इब्न सीना ख्रिस्ती पंडितांना जवळचा वाटला. इब्न रुश्दने मात्र खळबळ माजवली. सर्वांची बुद्धी एक असेल आणि व्यक्तीचे काही उरत नसेल, तर संताला स्वर्ग कसला आणि पाप्याला नरक कसला? 10 डिसेंबर 1270 रोजी पॅरिसचा बिशप एतिएन ताँपिए याने 13 विधानांवर बंदी घातली, आणि त्यांतले पहिलेच विधान सर्व माणसांची बुद्धी संख्येने एकच आहे, हे होते.

त्याच वर्षी थॉमस अक्वायनसने (1225–1274) बुद्धीच्या ऐक्याविरुद्ध आपला छोटा, धारदार ग्रंथ लिहिला. रोख इब्न रुश्दवर आणि पॅरिसच्या कलाशाखेतील त्याच्या अनुयायांवर होता. ब्राबांटचा सिगर त्यांच्यातला सर्वांत तल्लख. एरवी थॉमसचा सूर इतका थंड असतो की विद्यार्थी पेंगतात, पण इथे तो चिडलेला आहे. त्याचा मुद्दा चार शब्दांत मावतो: हा माणूस विचार करतो. ‘विचार केला जात आहे’ असे नव्हे, तर हा, समोर बसलेला, विचार करतो. ज्या सिद्धान्ताला एवढी साधी गोष्ट सांगता येत नाही तो सिद्धान्त कितीही सूक्ष्म असला तरी टाकाऊ आहे. मग तो भिंतीचे उदाहरण देतो. भिंतीवर रंग आहे आणि त्या रंगाची प्रतिमा माझ्या डोळ्यात आहे. म्हणून भिंत पाहते का? भिंत दिसते, पाहतो मी. तसेच माझ्या कल्पनेतल्या प्रतिमांचा अर्थ त्या एकाच वेगळ्या बुद्धीत उमटत असेल, तर विचार करणारी ती बुद्धी; मी म्हणजे केवळ भिंत, माझ्या प्रतिमांचा विचार केला जातो इतकेच.

हा घाव वर्मी बसतो असे मला वाटते, जरी इब्न रुश्दच्या बाजूने बोलणारा म्हणेल की भिंत काहीच करीत नाही, आणि माझी विचारशक्ती तर प्रतिमा निवडते, जुळवते, बुद्धीपुढे ठेवते. सिगरने पुढे काही वर्षांनी असेच काहीसे उत्तर दिले, बुद्धी माणसाच्या आतूनच कार्य करते असे म्हटले, पण त्याच ग्रंथात आपण या प्रश्नी दीर्घकाळ संशयात आहोत आणि अशा संशयात श्रद्धेला धरून राहावे, अशी कबुलीही दिली. ही कबुली भीतीपोटी होती की मनापासून, यावर अभ्यासकांचे पान-पान भरून वाद आहेत. मला ती मनापासूनची वाटते.

थॉमसचा स्वतःचा मार्ग असा. आत्मा हा देहाचा आकारच आहे, ॲरिस्टॉटल अक्षरशः खरा आहे. पण विचार ही क्रिया कोणत्याही अवयवाने होत नाही. आणि ज्याची क्रिया स्वतःची, त्याचे अस्तित्वही स्वतःचे. तेव्हा हा आकार असा आहे की तो आपले अस्तित्व देहाला देतो, आणि देह गेला की तेच अस्तित्व स्वतःजवळ राखतो. आकार असल्यामुळे आत्मा प्रत्येकाचा वेगळा राहिला, आणि स्वतःचे अस्तित्व असल्यामुळे टिकलाही. दोन्ही साधले, असे क्षणभर वाटते.

मग बिल येते. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायावरील भाष्यात थॉमस लिहितो की आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे, ‘माझा आत्मा म्हणजे मी नव्हे’. केवळ आत्म्याचा उद्धार झाला तर माझा उद्धार झाला असे होत नाही, ना कोणत्याही माणसाचा. ‘माझा आत्मा म्हणजे मी नव्हे’ हे मूळ लॅटिनमध्ये पाच शब्दांचे वाक्य आहे, आणि अमरत्वाच्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती पुरस्कर्त्याने ते लिहिले आहे. देहावेगळ्या आत्म्याची स्थिती त्याच्या मते स्वभावाला सोडून आहे. डोळे नाहीत, प्रतिमा नाहीत, इंद्रियस्मृती फक्त मुळाच्या रूपात. ईश्वराने दिलेल्या प्रकाशात आत्मा जाणतो, पण निसर्गतः ते जाणणे ढोबळ आणि धूसर असते. ज्यांच्याशी पूर्वी ओळख, माया किंवा नाते होते अशा काही विशिष्ट गोष्टी त्याला कळतात. पण जिवंतांचे इथे काय चालले आहे हे मृतांना स्वभावतः कळत नाही, असे सांगताना थॉमस ऑगस्टीनची साक्ष काढतो: मृतांना आपल्या व्यवहारात लक्ष घालता येत असते, तर माझी आई मला एकही रात्र सोडून राहिली नसती. ज्याची आई समुद्र ओलांडून त्याच्या मागे आली होती, त्या मुलाचे हे वाक्य आहे. श्राद्धाला पितर येतात या समजुतीत वाढलेल्या वाचकाला ते जरा लागते.

म्हणूनच थॉमसला देहाचे पुनरुत्थान हवेच. जे स्वभावाविरुद्ध आहे ते कायमचे राहू शकत नाही, तेव्हा आत्म्याला देह परत मिळणे योग्य आहे, असा तो तर्क देतो; पण ते घडणार याची हमी तर्काची नाही, धर्मग्रंथाच्या शब्दाची आहे. म्हणजे त्याने व्यक्तीचे अमरत्व वाचवले हे विधान अर्धेच खरे. तर्काने त्याने व्यक्तीचा एक भाग वाचवला, आणि उरलेली व्यक्ती श्रद्धेच्या हवाली केली. 7 मार्च 1274 रोजी तो फोसानोव्हाच्या मठात वारला. बरोबर तीन वर्षांनी, 7 मार्च 1277 रोजी, ताँपिएने 219 विधानांची दुसरी, फार मोठी यादी काढली, आणि त्यातली काही विधाने खुद्द थॉमसच्या मतांना चाटून जाणारी होती.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. 1308 साली वारलेला डन्स स्कोटस म्हणाला की आत्म्याच्या अमरत्वाचे युक्तिवाद संभाव्य आहेत, निर्णायक नाहीत. पोप बाविसावा जॉन याने 1331 पासूनच्या प्रवचनांत अंतिम निवाड्यापूर्वी पुण्यात्म्यांनाही ईश्वराचे पूर्ण दर्शन होत नाही असे सांगून पॅरिसच्या पंडितांना अंगावर घेतले, आणि 1334 साली मृत्युशय्येवर ते मत मागे घेतले. 1336 साली त्याचा उत्तराधिकारी बारावा बेनेडिक्ट याने ते दर्शन मरणानंतर विनाविलंब होते, असा निर्णय दिला. मग शेवटी देह परत मिळून सुखात भर ती काय पडते, हा थॉमसला स्वतःलाही सतावलेला प्रश्न अधिकच टोकदार झाला. 1513 साली चर्चच्या लॅटरन परिषदेने बुद्धीचे ऐक्य आणि आत्म्याची मर्त्यता ही दोन्ही मते निषिद्ध ठरवली, आणि तीनच वर्षांनी तत्त्वज्ञ पोंपोनाझीने इटलीत ग्रंथ लिहून सांगितले की निव्वळ तर्काने हा प्रश्न कोणत्याच बाजूने सुटत नाही.

आता अद्वैत. साम्य दिसते ते असे: अनेक देह, एक तत्त्व, व्यक्ती नश्वर, तत्त्व शाश्वत. पण तीन ठिकाणी ते तुटते. शंकराचार्यांच्या अद्वैतात ते एक तत्त्व म्हणजेच खरा मी आहे, आणि ‘तत्त्वमसि’ चा सारा भर त्यावर आहे. इब्न रुश्दच्या दर्शनात मी म्हणजे हा देहधारी, प्रतिमा बाळगणारा माणूस, आणि ती बुद्धी मी नव्हे, मी तिच्याशी काही काळ जोडला जातो. दुसरे, अद्वैतातले चैतन्य साक्षी आहे, बुद्धी ही तिथे अंतःकरणाचा भाग असून जड कोटीत पडते; इब्न रुश्दचा सारा विषय बुद्धीच आहे, म्हणजे अद्वैती जे पायरीखाली ठेवतो तेच तो माथ्यावर ठेवतो. आणि तिसरे, ज्याकडे मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांचे लक्ष कधी गेले नाही: ब्रह्माला कोणाची गरज नसते, जग मावळले तरी त्याचे काही बिघडत नाही. इब्न रुश्दच्या त्या एका बुद्धीला मात्र माणसे लागतात. तिला या भौतिक जगाचे ज्ञान होते ते माणसांच्या कल्पनेतल्या प्रतिमांतूनच, आणि ती अनादि-अनंत असल्याने माणसेही अनादि-अनंत काळ असलीच पाहिजेत, इतकेच नव्हे तर पृथ्वीच्या कोणत्या ना कोणत्या भागात तत्त्वज्ञानही नेहमी चालू असलेच पाहिजे, असे तो बृहत् भाष्यात म्हणतो. कोर्दोबात कोणी विचार करणारा उरला नसेल, तर तो दुसरीकडे कुठेतरी असणार.